जुन्या गिऱ्हाइकालाच जास्त दर का?

मागच्या महिन्यात अब्बांनी व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली आणि खाली लिहिलं, "गाडीच्या इन्शुरन्सचं आलंय, बघून पैसे पाठव."

अब्बा सोलापूरला असतात, मी पुण्यात. गाडी साधी, बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक. नऊ वर्षांपूर्वी नवी घेतली. दवाखाना, लग्नकार्य, कधीतरी खालाच्या घरी अक्कलकोट, एवढाच तिचा प्रवास. नऊ वर्षांत एकही क्लेम नाही. कंपनी तीच, एजंटही तोच. मोहल्ल्यातलेच एक चाचा आहेत. दरवर्षी नोटीस येते, अब्बा मला पाठवतात, मी पैसे भरतो. आकडा मी कधी नीट पाहिला नव्हता.

या वेळी सहज पाहिला. ७,९९६ रुपये. त्याच रात्री दर तुलना करणाऱ्या एका संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला. फक्त भाव बघायचा म्हणून आधीची कंपनी दुसरीच असल्याचं भरलं. गाडी तीच, शहर तेच, गाडीची ठरवलेली किंमत तीच अडीच लाख, नो क्लेम बोनसही तोच ५० टक्के. यादीत अब्बांची कंपनीही होती. तिचा भाव होता ६,०१३ रुपये.

म्हणजे नऊ वर्षं इमानदारीने पैसे भरणाऱ्या माणसाला कंपनी ७,९९६ सांगत होती, आणि जिने कधी तोंडही पाहिलं नाही अशा माणसाला ६,०१३. फरक १,९८३ रुपयांचा. रक्कम फार मोठी नाही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि त्याचं कारण पैसे नव्हते. हा फरक कसा तयार होतो हे मला माहीत होतं. तसा फरक तयार करणाऱ्या कामात माझाही हात लागलेला आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

फरक नेमका कुठे आहे?

आधी हिशेब मांडू या, कारण आपल्यापैकी बहुतेकजण पॉलिसीचं पान उघडून बघत नाहीत.

गाडीच्या विम्याचे दोन मुख्य भाग असतात. एक थर्ड पार्टी. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्यासाठी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार तो सक्तीचा आहे. त्याचा दर केंद्र सरकार विमा नियामकाशी सल्लामसलत करून ठरवतं, त्यामुळे सगळ्या कंपन्यांचा सारखाच असतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खाजगी कारला तो ३,४१६ रुपये आहे. यात कंपनीला खेळायला जागा नाही.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. १ जानेवारी २००७ पासून याचे दर मोकळे झाले. मात्र जुन्या दरपत्रकाचा आधार अजून घेतला जातो. कंपनी त्यावरून एक मूळ आकडा काढते आणि त्यावर स्वतःच्या मर्जीने सूट देते. सगळी गंमत या सुटीत आहे.

अब्बांच्या गाडीचा मूळ आकडा साधारण ८,४०० रुपये होता. रिन्यूअलच्या नोटिशीत २० टक्के सूट दिली होती. राहिले ६,७२०. त्याच्या निम्मे नो क्लेम बोनसमध्ये गेले, राहिले ३,३६०. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ आणि वर १८ टक्के जीएसटी, झाले ७,९९६. नव्या गिऱ्हाइकाला तीच सूट ६० टक्के होती. ८,४०० चे झाले ३,३६०, बोनसनंतर १,६८०, त्यात थर्ड पार्टी आणि जीएसटी मिळवून ६,०१३.

अब्बांना हे फोनवर समजावलं तर ते म्हणाले, "पण मला जुना ग्राहक म्हणून ५० टक्के देतात ना!" हा गैरसमज मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय. नो क्लेम बोनस हे कंपनीने निष्ठेला दिलेलं बक्षीस नाही. क्लेम न केल्याबद्दल तो मिळतो. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. तो गाडीच्या मालकाचा असतो. कंपनी बदलली तरी तो सोबत येतो. पॉलिसी संपल्यावर ९० दिवस रिन्यू केली नाही तरच तो जातो. कंपनीने निष्ठेबद्दल अब्बांना काही दिलं असेल तर ते एवढंच, की नव्या माणसाला ६० टक्के सूट आणि त्यांना २०.

माझ्या हाताने झालेलं काम

इंजिनिअरिंग करून मला चार वर्षं झाली होती. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत होतो आणि आमचा क्लायंट ब्रिटनमधली एक वाहन विमा कंपनी होती. काम रिन्यूअलचे दर काढणाऱ्या प्रणालीचं.

विम्याचा दर जोखमीवरून ठरतो असं आपण समजतो. वय किती, गाडी कोणती, कुठे उभी असते, आधी अपघात झालेत का. त्यावरून या माणसामागे वर्षाला क्लेमचा किती खर्च येईल याचा अंदाज बांधायचा. तो अंदाज काढणारं एक मॉडेल होतंच. पण त्याच्या शेजारी दुसरं एक मॉडेल होतं आणि माझ्या वाट्याला ते आलं. त्याला जोखमीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचा प्रश्न वेगळा होता: या माणसाचा दर ५ टक्के वाढवला तर तो सोडून जाईल का? १० टक्के वाढवला तर? १५ टक्के?

उत्तर काढायला लागणारी माहिती अगदी साधी होती. कंपनीबरोबर किती वर्षं आहे, पैसे आपोआप कापले जातात का, मागच्या वर्षी दर वाढवल्यावर त्याने फोन केला होता का, नोटीस मिळाल्यावर किती दिवसांत पैसे भरले. जो कधी फोन करत नाही आणि लगेच पैसे भरतो, त्याच्या नावापुढे सोडून जाण्याची शक्यता कमी यायची. मग तिसरा प्रोग्राम दोन्ही मॉडेलचे आकडे घेऊन ठरवायचा की कोणाचा दर किती चढवला तर कंपनीचा नफा जास्तीत जास्त होईल.

मी त्या दुसऱ्या मॉडेलला डेटा पुरवणारा भाग लिहिला. वेळेत लिहिला, टेस्ट पास झाल्या, तिकीट बंद केलं. टीम लीडने मेल करून कौतुक केलं. त्या रकान्यातल्या माणसाला चेहरा असतो असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही. आता वाटतं, की त्या रकान्यात अब्बांसारखीच माणसं होती. फक्त पत्ता सोलापूरऐवजी ब्रॅडफर्ड किंवा लेस्टरचा होता.

ब्रिटनने काय केलं

ब्रिटनमध्ये या प्रकाराला 'प्राइस वॉकिंग' म्हणतात. पहिल्या वर्षी दर मुद्दाम कमी ठेवायचा, प्रसंगी तोटा सोसून, आणि मग दर रिन्यूअलला गिऱ्हाइकाला बोट धरून एकेक पायरी वर न्यायचं. सप्टेंबर २०१८ मध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने तिथल्या स्पर्धा नियामकाकडे रीतसर तक्रार केली. मोबाइल, ब्रॉडबँड, घराचा विमा, गृहकर्ज आणि बचत खाती या पाच बाजारांत जुने ग्राहक मिळून वर्षाला ४.१ अब्ज पौंड जादा मोजतात, असा तिचा हिशेब होता. या जादा भरण्याला नाव पडलं, निष्ठेचा दंड.

मग फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या वित्तीय नियामकाने घर आणि वाहन विम्याची चौकशी केली. सप्टेंबर २०२० च्या अहवालातले आकडे बघण्यासारखे आहेत. वाहन विम्यात नवा ग्राहक सरासरी २८५ पौंड भरत होता, तर पाच वर्षांहून जास्त काळ टिकलेला ३७० पौंड. घराच्या विम्यात फरक याहून मोठा, १३० आणि २३८ पौंड. २०१८ या एका वर्षात सुमारे ६० लाख पॉलिसीधारकांना त्यांच्या जोखमीच्या मानाने सरासरी दर लावला असता तर त्यांचे १.२ अब्ज पौंड वाचले असते. आणि जास्त दर भरणाऱ्यांपैकी दर तिघांत एकजण कुठल्या ना कुठल्या अर्थाने दुबळा होता, उदाहरणार्थ आर्थिक व्यवहार फारसे न समजणारा.

त्यानंतर नियम झाला. १ जानेवारी २०२२ पासून ब्रिटनमध्ये घर आणि वाहन विम्याची कंपनी जुन्या ग्राहकाला रिन्यूअलचा असा दर सांगू शकत नाही, जो तीच पॉलिसी त्याच मार्गाने घेणाऱ्या तशाच नव्या ग्राहकापेक्षा जास्त असेल. आयर्लंडनेही १ जुलै २०२२ पासून प्राइस वॉकिंगवर बंदी आणली. अमेरिकेत तर त्याआधीच, २०१४ पासून, मेरीलँड, ओहायो, कॅलिफोर्निया अशा राज्यांच्या विमा खात्यांनी बजावलं होतं की दर जोखमीवर ठरवा, ग्राहक किती सोसेल यावर नाही.

आपल्याकडे असा थेट नियम आलेला नाही.

"यात चूक काय?"

हा विषय मी ऑफिसमधल्या मित्रांपुढे काढला तेव्हा त्यांनी जे विचारलं ते तुम्हीही विचाराल. नवं हॉटेल उघडलं की बिर्याणीवर सूट असते. सिमकार्डची नवी कंपनी आली की तीन महिने फुकट देते. नवं गिऱ्हाईक आणायला खर्च येतो, तो धंद्याचा भाग आहे. ज्याला स्वस्त हवं त्याने दरवर्षी शोधावं. एवढं ओरडायचं कशाला?

मुद्दा खोटा नाही. आणि नियम केल्याने सगळ्यांचं भलं होतं असंही नाही. ब्रिटनमध्ये दरवर्षी कंपनी बदलणाऱ्यांना मिळणारी मोठी सूट या नियमाने आटणार हे उघडच होतं. नियामकाने ते कबूल करूनच नियम केला.

तरीही मला तीन गोष्टी वेगळ्या वाटतात.

पहिली, बिर्याणी नको असेल तर मी घरी जेवू शकतो. गाडी रस्त्यावर आणायची तर विमा घ्यावाच लागतो. आणि थर्ड पार्टी घ्यायलाच गेलेला माणूस तिथेच, त्याच कागदावर, ओन डॅमेजही घेतो.

दुसरी, हॉटेलच्या पाटीवर दर लिहिलेला असतो आणि तो सगळ्यांना सारखा असतो. इथे प्रत्येकाची पाटी वेगळी आणि ती फक्त त्यालाच दिसते. शेजाऱ्याला काय दर लागला हे कळायचा मार्ग नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या किराणा दुकानदाराने ओळखीच्या म्हाताऱ्याला साखर महाग आणि अनोळखी माणसाला स्वस्त दिली, तर आपण त्याला काय म्हणू? मापात पाप हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. ते माप आता तराजूत नाही, सर्व्हरवर आहे, एवढंच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते. माझ्यासारखा माणूस दरवर्षी पंधरा मिनिटं शोधून स्वस्त पॉलिसी काढतो आणि स्वतःला हुशार समजतो. ती सूट आभाळातून पडत नाही. नव्याला तोट्यात दिलेली पॉलिसी जुन्याच्या जादा पैशांतून भरून निघते. म्हणजे माझ्या गाडीच्या स्वस्त विम्याचा एक भाग कोणाचे तरी अब्बा भरत होते. शिकलेला, इंग्रजी वाचणारा, फोन हाताळणारा माणूस खुशीत. आणि न शिकलेला, वयस्कर, भरोसा ठेवणारा माणूस त्याचं बिल भरतो. विमा म्हणजे सगळ्यांनी मिळून थोडं थोडं टाकायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून द्यायचं. इथे ती पद्धत उलटी झाली.

आपल्याबद्दल थोडं

हा लेख या मासिकासाठीच का लिहिला, असं कोणी विचारेल. विमा तर सगळ्यांचाच आहे.

आपल्या घरांत विम्याचा विषय थोडा अवघडलेला असतो. विमा जायज की नाजायज, यावर घरात, मशिदीबाहेर चर्चा झालेली तुम्हीही ऐकली असेल. ज्याची त्याची भूमिका असेल, मी त्यात पडत नाही. पण त्याचा एक परिणाम मी पाहिलाय. "कायद्याने घ्यावाच लागतो म्हणून घेतो" असं म्हणून आपण डोळे मिटून पैसे भरतो. ज्या गोष्टीकडे बघायचंच नाही तिचा भाव कोण करणार? भाजीच्या जुडीमागे दोन रुपये कमी करून घेणारे आपण विम्याच्या कागदावर सरळ सही करतो. कंपनीच्या मॉडेलला असाच माणूस हवा असतो.

दुसरी गोष्ट नावाची. जानेवारी २०१८ मध्ये ब्रिटनच्या एका वृत्तपत्राने बाकी माहिती तीच ठेवून फक्त नाव बदलून दर मागवले आणि मोहम्मद नावाला जास्त दर येतात असं छापलं. कंपन्यांनी ते नाकारलं. २०२२ मध्ये सिटिझन्स ॲडव्हाइसने म्हटलं की तिथले गौरेतर लोक वाहन विम्याला वर्षाला सरासरी २५० पौंड जादा भरतात. विमा उद्योगाचं उत्तर होतं की आम्ही वंश विचारतच नाही. विचारत नसतीलही. पण पत्ता, पैसे भरण्याची पद्धत, व्यवसाय असे रकाने एकत्र आले की न विचारताही बरंच कळतं. हे मी रकाने भरणारा माणूस म्हणून सांगतो.

तरी अब्बांच्या बाबतीत मी हे म्हणणार नाही. त्यांना जादा दर त्यांच्या नावामुळे लागला असं मानायला माझ्याकडे काहीही आधार नाही. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त पोस्टमास्तरांनाही असाच लागला असणार. आपल्यावर अन्याय झाला की तो आपल्या नावामुळेच झाला असं समजायची सवय आपल्याला लागलीय. कधी ते खरं असतं. पण प्रत्येक वेळी तसं समजलो, तर पोस्टमास्तरांना सोबत घेऊन जिथे भांडता आलं असतं तिथे आपण एकटे पडतो. हा प्रश्न नागरिकाचा आहे आणि नागरिक म्हणूनच मांडला पाहिजे.

मग करायचं काय?

घरच्या घरी करण्यासारखं आधी सांगतो. आई-वडिलांच्या, खालू-फुफूंच्या गाडीची पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी हातात घ्या. गेल्या वर्षीचा कागद शेजारी ठेवा. गाडीची ठरवलेली किंमत, मूळ आकडा, सूट, बोनस हे चार आकडे जुळवा. किंमत कमी करून दर स्वस्त दाखवला असेल तर ती बचत नव्हे, कारण गाडी चोरीला गेली तर तेवढेच कमी मिळतील. मग दोन-तीन ठिकाणचे भाव काढा आणि आपल्याच एजंटाला फोन करा. पॉलिसी घेताना मात्र सगळी माहिती खरी भरा. मी आधीची कंपनी बदलून भाव पाहिला तो फक्त तपासायला. खोट्या माहितीवर घेतलेली पॉलिसी क्लेमच्या वेळी गळ्याशी येते. आणि मुदत चुकवू नका, बोनस जाईल.

पण हे सगळं ज्याच्या घरात असं बघणारं कोणी आहे त्याच्यासाठी झालं. ज्याच्या घरात नाही त्याचं काय? त्याच्यासाठी नियमच लागतो. विमा नियामकाकडे आपण दोन मागण्या करू शकतो. पहिली अगदी बिनखर्चाची: रिन्यूअलच्या नोटिशीवर गेल्या वर्षीचा दर आणि दिलेली सूट यंदाच्या शेजारी छापा. ब्रिटनमध्ये गेल्या वर्षीचा दर दाखवणं एप्रिल २०१७ पासून बंधनकारक आहे. दुसरी मागणी: त्याच गाडीला, त्याच मार्गाने येणाऱ्या नव्या ग्राहकाला जी सूट, तीच जुन्याला. नियामक असं काही करूच शकत नाही असं नाही. ३० जानेवारी २०२५ ला त्याने ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य विम्याचा दर विचारल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायला कंपन्यांना मनाई केलीच की. गाडीच्या विम्यासाठी कोणी तेवढ्या जोराने मागितलेलं नाही.

आणि तिसरं काम आपल्यातल्या इंजिनिअरांचं. या मासिकाचे कितीतरी वाचक माझ्यासारखेच पुण्यात, मुंबईत, बेंगळुरूत कोणाचं तरी मॉडेल लिहीत असतील. नोकरी सोडा असं मी म्हणणार नाही, मीही सोडली नव्हती. पण पुढच्या डिझाइनच्या मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारता येतो: हा रकाना माणसाची जोखीम मोजतोय की त्याची मजबुरी? मी तेव्हा विचारला असता तर बहुधा काही बदललं नसतं. पण कोणीतरी विचारला हे मीटिंगच्या नोंदीत राहिलं असतं.

अब्बांचं शेवटी काय झालं ते सांगतो. मी म्हटलं, कंपनी बदलू या. ते तयार होईनात. एजंट चाचा "घर का आदमी है, बेटा." म्हणून मीच चाचांना फोन केला आणि दोन्ही आकडे सांगितले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. सिस्टीममधून जो आकडा येतो तो आम्ही पाठवतो, म्हणाले. त्यांनी ऑफिसला फोन केला आणि दहा मिनिटांत ६,२०० चा नवा भाव आला. कंपनी तीच, पॉलिसी तीच.

मला वाटलं अब्बा खूश होतील. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मागितलं असतं तर आधीही दिलं असतं?"

मी हो म्हणालो.